पाहणाऱ्याला सगळं दिसतं

खेळ कुठलाही असो, तो संपत आला की खेळणारे गप्प होत जातात आणि पाहणाऱ्यांचा आवाज चढत जातो. शाळेच्या मैदानावरच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. पत्त्यांच्या डावात रोज पाहतो. आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमी गावी बुद्धिबळाची स्पर्धा चालू होती, तेव्हा इथे वरूडात बसूनही तेच पाहिलं. आज या पाहणाऱ्यांविषयी लिहावंसं वाटतंय. खेळणाऱ्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

आधी आमची मंडळी सांगतो. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी आम्ही सहा-सात जण मंदिराच्या ओट्यावर जमतो. दोघे माझ्यासारखे मास्तर, एक पोस्टातले, एक बँकेतले, एक एसटीतले कंडक्टर आणि बाकीचे संत्र्याच्या बागांचे मालक. मेंढीकोट चालतो. चौघे खेळतात, उरलेले मागे उभे राहून पाहतात. पैसा लावायचा नाही हा आमचा पहिला नियम. दुसरा त्याहून कडक आहे : पाहणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. कारण मागून फिरणाऱ्याने चारही हात पाहिलेले असतात. हुकमाचा एक्का कुणाकडे, कुठली दश्शी कुणाकडे, हे त्याला सगळं ठाऊक. खेळणाऱ्याला फक्त हातातली तेरा पानं. त्यामुळे डाव संपला रे संपला की जो खेळत नव्हता तोच सगळ्यांत हुशार ठरतो.

"अबे, दश्शी काहून टाकली? हुकूम त्याच्यापाशी होता ना!" असं आमचे कंडक्टर साहेब ओरडतात. ज्याने टाकली तो बिचारा म्हणतो, "मले काय दिसत होता काय?"

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

माझा एक भाचा न्यू जर्सीत राहतो. दर जुलैत त्याचा फोन आला की अर्धा वेळ पोकरच्या गप्पा. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीच्याच घराण्यातला खेळ. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये पाच पानं सगळ्यांची म्हणून उघडतात, आधी तीन एकदम, मग एकेक करत दोन, आणि दर वेळी बोली. लास वेगासला १९७० पासून त्याची 'वर्ल्ड सिरीज' भरते. मुख्य स्पर्धेत बसायचे दहा हजार डॉलर. २०२५ साली त्यात ९,७३५ नावं लागली आणि जुलैच्या मध्यावर मायकेल मिझराची नावाचा खेळाडू १ कोटी डॉलर जिंकून उठला. आकडा ऐकून ओट्यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग पोस्टातले म्हणाले, "आणि बाकीचे सारे पॅक?"

मी भाच्याला विचारलं, अरे, पत्ते झाकलेले, माणसं गॉगल लावून गप्प बसलेली. यात बघायचं काय? तो म्हणाला, "मामा, आम्हाला पत्ते दिसतात ना!" मग त्याने समजावून सांगितलं. टेबलाच्या कडेला कॅमेऱ्याची सोय असते. खेळाडूची झाकली पानं त्यातून प्रेक्षकांना दिसतात. चालू खेळात कुणी चुगली करू नये म्हणून थोडा उशिराने दाखवतात, एवढंच. म्हणजे आमच्या ओट्यावर मागून फिरणाऱ्याला जे दिसतं, ते तिकडे लाखो लोकांना घरबसल्या दिसतं. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या एका टीव्ही कार्यक्रमात ही युक्ती आली आणि हा खेळ पाहण्याजोगा झाला. तोवर टीव्हीवरचं पोकर म्हणजे नुसते गंभीर चेहरे.

ही कल्पना ज्याने पेटंट करून घेतली त्या हेन्री ओरेनस्टाइनची हकीकत मी मुद्दाम वाचली. हा मूळचा पोलंडमधला ज्यू. नाझींच्या छळछावण्यांत होता. तिथे एकदा शास्त्रज्ञांची नावं मागितली गेली, तेव्हा शास्त्राचा गंध नसताना त्याने आपलं नाव लावलं, आणि त्यातून तो जगला. पुढे अमेरिकेत खेळण्यांचा मोठा कारखानदार झाला. हातात एकही पान नसताना ज्याने आयुष्यातली सगळ्यांत मोठी बोली लावली, त्यानेच पुढे दुसऱ्यांची झाकली पानं जगाला दाखवायची सोय करून ठेवली. वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो.

(पैसे लावून खेळायचं माझ्यातल्या मास्तराला पटत नाही, हे इथेच सांगून टाकतो. मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडालेली पोरं आमच्या तालुक्यातही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा मला बरंच वाटलं. पण आजचा विषय तो नाही.)

भाचा म्हणतो, शेवटचे नऊ जण उरले की त्यांच्या मित्रमंडळात नुसता कालवा असतो. याने त्या वेळी पानं टाकायला हवी होती, त्याने अजून बोली चढवायला हवी होती. २००८ ते २०१६ या वर्षांत तर जुलैत शेवटचे नऊ ठरले की खेळ थांबवायचे आणि शेवट थेट नोव्हेंबरच्या सुमाराला खेळवायचे. मधले साडेतीन महिने पाहणाऱ्यांना चघळायला मोकळे.

यावरून मला १९७२ आठवलं. तेव्हा मी अमरावतीला बीएला होतो. आइसलँडात रेक्याविक इथे फिशर आणि स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत दोन महिने चालली होती. तेव्हा डाव एका बैठकीत संपला नाही तर तहकूब व्हायचा. ज्याची खेळी असेल त्याने ती कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट पंचाकडे. म्हणजे बुद्धिबळातही एक झाकलं पान असायचं! वसतिगृहात आमच्याकडे लाकडी पट होता. शेवटचा, एकविसावा डाव तहकूब झाल्याची बातमी पेपरात वाचून आम्ही रात्री उशिरापर्यंत तो पट मांडून भांडलो होतो. स्पास्कीने दुसऱ्या दिवशी फोन करूनच हार मान्य केली. आमच्यापर्यंत पेपर यायला लागणारा वेळ पाहता, आम्ही भांडत होतो तेव्हा तिकडे सगळं आटोपलंही होतं. पण त्या भांडणात एक सचोटी होती. स्पास्कीला जेवढं दिसत होतं, तेवढाच पट आमच्याही पुढ्यात होता. अक्कल कमी, पण पान एकही जास्त नाही.

आता २०२५ कडे येतो. महिलांच्या विश्वचषकात शेवटी दोन भारतीय उरल्या. एक आंध्रची कोनेरू हंपी, वय ३८. दुसरी आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दिव्याला मानांकन पंधरावं. तिने वाटेत दुसऱ्या मानांकनाची चीनची झू जिनेर, मग आपलीच हरिका, मग माजी जगज्जेती तान झोंगयी, अशा एकेक बड्या खेळाडूंना घरी पाठवलं. वरूडहून नागपूर काय आणि अमरावती काय, जवळपास सारखंच अंतर. त्यामुळे आमच्या ओट्यावर ती लगेच 'आपली पोट्टी' झाली. ज्यांना उंट तिरपा चालतो हेही ठाऊक नव्हतं ते विचारू लागले, "मास्तर, आज आपल्या पोट्टीचा डाव कितीले हाय?"

माझ्या घरात मात्र फूट पडली. आमची ही म्हणाली, "मी हंपीकडून."

मी म्हटलं, अगं, वऱ्हाड-नागपूरचं काही आहे की नाही? ती म्हणाली, "पोरगी हुशारच आहे, तिला वेळ पडलाय पुढे. पण त्या बाईचं बघा ना." आणि मग तिने जे सांगितलं ते माझ्या लक्षातही नव्हतं. २००२ मध्ये हंपी पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा जगातल्या कुठल्याही मुलीने इतक्या लहान वयात ते केलं नव्हतं. पुढे लग्न, २०१७ मध्ये मुलगी, मध्ये खेळ बंद. मग परत येऊन २०१९ ला मॉस्कोत आणि २०२४ ला न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाची जगज्जेती. माझी बायको लग्नाआधी शाळेच्या खो-खो संघात होती, जिल्ह्यापर्यंत खेळलेली. थोरला झाला आणि ते संपलं. खांबाला हात लावून वळायची तिची लकब मी कधी पाहिलीच नाही, तिच्या भावांकडून ऐकली फक्त. त्या दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मूल झाल्यावरही परत खेळायला जाता येतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही."

मी काही बोललो नाही. पण त्यानंतर हंपीला 'समोरची' म्हणणं मला जमेना.

अंतिम फेरीचे दोन मोठे डाव २६ आणि २७ जुलैला झाले. दोन्ही बरोबरीत. नातवाने ओट्यावर मोबाइल उभा करून दिला होता. आता या प्रक्षेपणात एक गोष्ट असते, माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते, अर्धी पांढरी, अर्धी काळी. संगणक आत बसून क्षणाक्षणाला हिशेब करतो आणि ज्याची बाजू वरचढ त्याचा रंग वाढतो. आजचा संगणक जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं बुद्धिबळ खेळतो. म्हणजे ही पट्टी म्हणजे उघडी पडलेली पानंच! बातुमीत पटाशी बसलेल्या दोघींना ती दिसत नाही. वरूडात ओट्यावर बसलेल्या कंडक्टर साहेबांना दिसते.

पहिल्या डावात दिव्याचं पारडं जड झालं होतं, ती संधी निसटली. पट्टी घसरली आणि ओट्यावर हाहाकार. "काहून केलं असं? सरळ जिंकत होती ना!" मी विचारलं, काय खेळायला हवं होतं, सांगा. तर म्हणे, "थे मले काय माहीत. पण पट्टी खाली आली ना!" यावर काय बोलणार? चाळीस वर्षं मी वर्गात असे विद्यार्थी पाहिले, ज्यांना पुस्तकाच्या मागचं उत्तर माहीत असतं आणि मधली रीत माहीत नसते. गणिताचे मास्तर अशांना शून्य देत.

सोमवार, २८ जुलै. पहिला श्रावण सोमवार. बहुतेकांचे उपास, त्यामुळे ओट्यावर साबुदाण्याच्या खिचडीचे डबे आलेले. आज कोंडी फोडायची म्हणून जलद डाव. प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंद जादा. पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डाव लांबत गेला, पट रिकामा होत गेला, घड्याळं पळू लागली. वेळेच्या ओढाताणीत हंपीचं गणित चुकू लागलं. दिव्याचंही सगळं अचूक चालत नव्हतं. पट्टी काळी व्हायची, पुन्हा अर्ध्यावर यायची. ज्याला त्याला उठून उभं राहावंसं वाटत होतं.

मला आठवतो तो हंपीचा चेहरा. अडतीस वर्षांची, अर्ध्याहून जास्त आयुष्य पटासमोर गेलेली बाई, समोर एकोणीस वर्षांची मुलगी, आणि घड्याळात सेकंद. आम्हाला पट्टीने कधीच सांगितलं होतं की आता सुटका नाही. ती मात्र अजून शोधत होती. घरी आमची ही टीव्हीवर पाहत होती. नंतर म्हणाली, "पट्टीवर मी पदर धरावा तसा हात धरला होता. मला नकोच होतं बघायला."

शेवटी हंपीने डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड. दिव्याला रडू आवरेना, ती आईच्या गळ्यात पडली. इकडे पोस्टातल्या मित्रांनी उपासाचा दिवस विसरून पेढे मागवले. मग खव्याचे चालतात यावर एकमत झालं. या एका विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी, आणि महिलांमध्ये चौथी. नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता आधीच ग्रँडमास्टर झालेले आहेत, पण त्या संध्याकाळी त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

गंमत पुढे आहे. जिंकल्यावर दिव्या काय म्हणाली? स्पर्धेला आले तेव्हा ग्रँडमास्टर व्हायला लागतो तो एकही टप्पा माझ्याकडे नव्हता, त्यामुळे हे नशिबातच होतं, अशा अर्थाचं बोलली. आणि डावाचा शेवट कसा खेळायचा हे आपल्याला नीट शिकायला हवं, असंही. तिकडे पोकरवाले शपथेवर सांगतात की आमच्या खेळात नशीब थोडं, कसब फार. आणि जिथे एकही पान झाकलेलं नाही त्या खेळाची विजेती म्हणते, नशीब! मला वाटतं, दोघेही खरं बोलतात. खेळायला बसलेल्या माणसाला पुढचं काही ना काही झाकलेलंच असतं. पट कितीही उघडा असो.

आता ही सगळी कथा मी का सांगतोय, ते.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या बागेत व्यापारी आला होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्याकडे संत्र्याची बाग पुष्कळदा झाडावरच विकतात. अंबिया बहाराची फळं जुलैत हिरवी, लिंबापेक्षा थोडी मोठी. व्यापारी बागेतून चक्कर मारतो, झाडांकडे पाहून मनात हिशेब करतो आणि एक आकडा बोलतो. पटला तर इसार देतो. पुढचं नफा-नुकसान त्याचं. नाही पटला तर तोडणीपर्यंत पाऊस, रोग, भाव सगळं तुमच्या डोक्यावर. भावाची पाचशे झाडं. व्यापारी सहा लाख म्हणाला. भावाला साडेसात हवे होते, कारण आदल्या वर्षी थांबलेल्यांना तसा भाव मिळाला होता. रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "दादा, काय करू?" मी म्हटलं, बाबा, मी मराठी शिकवली. झाडं तू पाहतोस, तुला जे दिसतं ते मला दिसत नाही. तो थांबला.

ऑगस्टात पाऊस लागून राहिला. मग फळगळ सुरू झाली. सकाळी बागेत गेलं की झाडाखाली हिरव्या-पिवळ्या फळांचा सडा. औषधं मारली, पाणी काढून दिलं. शेवटी जी उरली ती अडीच लाखांना गेली.

आणि मग सुरू झाले पाहणारे. पोळ्याला, महालक्ष्म्यांना, दिवाळीला, जो येईल तो तेच. "सहा लाख म्हणत होता ना तो? देऊन टाकायची होती." "म्या तं तवाच म्हटलं होतं." कुणीही म्हटलं नव्हतं. भाऊ मान खाली घालून ऐकायचा. तो तसा बोलका माणूस. त्या दिवसांत मी त्याला पानाच्या टपरीवर थांबतानासुद्धा पाहिलं नाही. पीक गेल्याचं दुःख त्याने पचवलं असतं. ते शेतकऱ्याला नवीन नाही. पण 'तुला एवढंही कळलं नाही' हे रोज नव्याने ऐकणं त्याला पचेना.

महाभारतातला द्यूताचा प्रसंग मी अनेक वर्षं वर्गात सांगितला. तिथे पाहणारे तीन जातींचे आहेत. एक धृतराष्ट्र, ज्याला दिसत काही नाही, पण द्रौपदी पणाला लागली तेव्हा जिंकलं का, जिंकलं का, म्हणून आनंदाने विचारत राहिला. दुसरे भीष्म-द्रोण, ज्यांना सगळं दिसत होतं आणि जे गप्प बसले. तिसरा विदुर. तो फासे पडायच्या आधी बोलला, पडत असताना बोलला. ऐकलं कुणी नाही, ती गोष्ट वेगळी. पण बोलायची वेळ कोणती, हे त्या सभेत त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं. आमच्या ओट्यावरचा गप्प बसायचा नियम पत्त्यांपुरता ठीक आहे. संसारात उलट आहे. डाव चालू असताना ज्याला काही सुचत असेल त्याने जरूर बोलावं, पदरी वाईटपणा घेऊनही बोलावं. पानं उलटी झाल्यावरचं बोलणं तेवढं गिळावं.

दिवाळीत भाऊ फराळाला आमच्याकडे आला होता. आणखी एक नातेवाईक आले होते. चकली मोडता मोडता त्यांनी विषय काढलाच, "जुलैतच सौदा केला असता तर..." भावाने बशी खाली ठेवली. आमची ही स्वयंपाकघरातून चिवड्याचा डबा घेऊन आली, त्यांच्या बशीत भरपूर चिवडा वाढला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जुलैत आला असता तर फार बरं झालं असतं. आता चिवडा घ्या."

कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने भाऊच हसला. त्याने बशी पुन्हा उचलली आणि माझ्या नातवाला विचारलं, "काय रे, ती हंपी पुन्हा खेळते का नाही?"

"खेळते ना," नातू म्हणाला. "आजोबा, ती थांबत नसते."

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी त्या श्रावण सोमवारी कोण कोण पाहत होतं आणि कुणाच्या बाजूने, ते जरूर कळवा. हंपीकडून असाल तर आमच्या घरात एक मत आधीच जमा आहे.